गुणी पण अडचणीच्या माजी खेळाडूला फुटबॉल क्लबने परत घ्यावे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळाडूंच्या बदल्यांचा काळ जवळ आला, की एखाद्या जुन्या, विलक्षण हुन्नरी आणि तितक्याच वादग्रस्त खेळाडूचे नाव पुन्हा चर्चेत येते आणि वाचकांकडून तेच ते प्रश्न येऊ लागतात. त्यांतले सर्वाधिक वेळा आलेले प्रश्न येथे घेतले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खेळाडूला “परत घेणे” आणि नवा खेळाडू घेणे यांत नियमांच्या दृष्टीने काही फरक असतो का?

जवळजवळ नसतो. खेळाडू क्लब सोडून गेला, की कागदावरचे जुने नाते संपते. त्याची नोंदणी नव्याने करावी लागते आणि तीही सर्वसाधारणपणे ट्रान्सफर विंडोमध्येच, म्हणजे बदल्यांसाठी ठरवून दिलेल्या काळातच. तो दुसऱ्या क्लबशी करारबद्ध असेल तर त्या क्लबला रक्कम मोजावी लागते किंवा त्याला ठरावीक मुदतीसाठी लोनवर, म्हणजे उसने, घ्यावे लागते. करार संपला असेल तर तो रकमेशिवाय येऊ शकतो, आणि कराराचे शेवटचे ६ महिने उरले असतील तर पुढच्या करारावर आधीच सही करता येते. फिफाच्या नियमानुसार एका हंगामात खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त ३ क्लबांकडे होऊ शकते, पण अधिकृत सामने तो साधारणतः २ क्लबांकडूनच खेळू शकतो. हंगामाच्या मध्यावर घाईने परत बोलावताना हे आधी तपासावे लागते.

खरा फरक पडतो तो विकतानाच परतीची किंमत ठरवून ठेवली असेल तर. रेआल माद्रिदने डॅनी कार्वाहालला २०१२ मध्ये लेव्हरकुसेनला विकले आणि वर्षभराने अशाच कलमाच्या आधारे ६५ लाख युरोंना परत आणले. पण कार्वाहाल अडचणीचा खेळाडू नव्हता, त्याला बाहेर पाठवले होते ते अनुभवासाठी. रागाच्या भरात विकलेल्या खेळाडूच्या बाबतीत असे कलम घालून ठेवण्याचे भान सहसा कोणाला राहत नाही, आणि मग परतीची किंमत समोरचा क्लब ठरवतो.

२. “अडचणीचा खेळाडू” म्हणजे नेमका कोण?

हा शब्द फार सैल आहे आणि चुकीचे निर्णय बहुधा या सैलपणातूनच होतात. सरावाला उशिरा येणारा, प्रशिक्षकाशी उभा दावा मांडलेला, दारूच्या किंवा गोळ्यांच्या आहारी गेलेला, खचलेला, पुन्हा पुन्हा जायबंदी होणारा, बंदी भोगलेला आणि दुसऱ्या माणसाला इजा केल्याचा आरोप असलेला अशा सगळ्यांना आपण एकाच पोत्यात भरतो. पहिल्याला शिस्त हवी असते, दुसऱ्याला कदाचित फक्त दुसरा प्रशिक्षक, तिसऱ्याला आणि चौथ्याला उपचार. शेवटच्याचा प्रश्न मुळात फुटबॉलचा नसतोच.

म्हणून नाव निघाल्यावर पहिला प्रश्न एकच विचारावा असे माझे ठाम मत आहे: तो गेला तेव्हा जे कारण होते, ते आज कुठे आहे? ते खेळाडूत होते की क्लबात, आणि ते खरोखर मिटले आहे की मधल्या वर्षांत नुसते नजरेआड झाले आहे? क्लबच्या बैठकीत या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर गोलांची आकडेवारी उघडण्यात अर्थ नाही.

३. जुना खेळाडू परत घ्यावा असे क्लबांना इतक्यांदा का वाटते?

कारण त्याचा सर्वोत्तम खेळ त्यांनी स्वतःच्या मैदानावर पाहिलेला असतो, किंवा त्याला सोडल्याची चूक त्यांना सलत असते. दोन्ही भावना प्रामाणिक आहेत आणि दोन्ही महाग पडतात. पॉल पोग्बा २०१२ मध्ये मँचेस्टर युनायटेड सोडून जवळजवळ फुकटात युव्हेंटसला गेला. २०१६ मध्ये त्याच क्लबने त्याच्यासाठी ८ कोटी ९० लाख पौंड मोजले, आणि तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. २०२२ मध्ये करार संपून तो पुन्हा रकमेशिवाय गेला, तोही पुन्हा युव्हेंटसलाच. मग तेथेही परतीची तीच कहाणी घडली: दुखापतींमुळे पहिल्या हंगामात जेमतेम १० सामने आणि त्यानंतर उत्तेजक चाचणीतील दोष (त्याबद्दल प्रश्न १२ पहा).

चेल्सीने रोमेलू लुकाकूला २०१४ मध्ये एव्हर्टनला २ कोटी ८० लाख पौंडांना विकले आणि २०२१ मध्ये ९ कोटी ७५ लाख पौंडांना इंटरकडून परत घेतले. डिसेंबरच्या अखेरीस एका इटालियन वाहिनीवर त्याची मुलाखत प्रसारित झाली. तीत त्याने संघाच्या खेळपद्धतीबद्दल नाराजी आणि इंटरबद्दलची ओढ उघड बोलून दाखवली. लिव्हरपूलविरुद्धच्या पुढच्याच सामन्यातून त्याला वगळले गेले आणि २०२२ च्या उन्हाळ्यात तो लोनवर इंटरला परतला. येथे खेळाडू वाईट नव्हता आणि क्लबही नव्हता. ज्या मुलाला चेल्सीने विकले होते तो मधल्या काळात वेगळ्या पद्धतीचा आघाडीवीर झाला होता, आणि क्लबने आठवणीतला लुकाकू विकत घेतला होता.

४. मग माजी क्लबला इतर ग्राहकांपेक्षा काहीच फायदा नसतो का?

असतो, आणि तो मोठा असतो. तोच वापरला जात नाही याचे मला खरोखर वाईट वाटते. परक्या क्लबला खेळाडूच्या चित्रफिती आणि आकडे मिळतात, तर माजी क्लबकडे त्याला रोज पाहिलेली माणसे असतात. पराभवानंतर तो बसमध्ये कोणाशेजारी बसायचा, दुखापत लपवायचा की वाढवून सांगायचा, सरावाचे कपडे परत देताना किटच्या खोलीतल्या माणसाशी दोन शब्द बोलायचा की पिशवी दारातूनच फेकून जायचा, पगाराच्या दिवसानंतर किती वेळा आजारी पडायचा, हे फिजिओला, किट सांभाळणाऱ्याला आणि स्वयंपाकघरातल्या बाईंना ठाऊक असते. ही माणसे बहुधा प्रशिक्षकांपेक्षा जास्त वर्षे क्लबात टिकतात. बोलणी सुरू करण्यापूर्वी त्यांच्यापैकी चार जणांशी स्वतंत्रपणे अर्धा अर्धा तास बोलावे. त्यांना “तो यावा का?” असे विचारू नये, “तेव्हा काय काय घडायचे?” एवढेच विचारावे.

अर्थात ही माहिती जुनी असते. त्यानंतरच्या वर्षांची माहिती मधल्या क्लबांतल्या अशाच माणसांकडून मिळवावी लागते.

५. अशी परती यशस्वी झाल्याची ठळक उदाहरणे कोणती?

मला सर्वांत बोलके वाटते ते क्रेग बेलामीचे. फेब्रुवारी २००७ मध्ये लिव्हरपूलचा संघ पोर्तुगालमध्ये सरावासाठी गेला असताना त्याने सहकारी जॉन आर्ने रीसे याच्यावर गोल्फच्या काठीने हल्ला केला. क्लबने त्याला दंड केला. त्यानंतर काही दिवसांतच बार्सिलोनाच्या मैदानावर बरोबरीचा गोल बेलामीने केला, विजयी गोल रीसेने केला, आणि बेलामीने आपला गोल गोल्फचा फटका मारल्याचा अभिनय करून साजरा केला. त्या उन्हाळ्यात त्याला विकले गेले. २०११ च्या ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी, केनी डाल्ग्लिश व्यवस्थापक असताना, तोच बेलामी कोणत्याही रकमेशिवाय परत आला.

फरक कोठे पडला? तो ३२ वर्षांचा होता, क्लबने त्याच्यावर पैसा लावला नव्हता आणि तो संघाचा आधारस्तंभ असेल असे कोणी म्हटले नव्हते. नोव्हेंबरात वेल्सचे प्रशिक्षक आणि त्याचे जिवलग मित्र गॅरी स्पीड यांचे निधन झाले, तेव्हा त्याच दिवशीच्या मँचेस्टर सिटीविरुद्धच्या सामन्यातून डाल्ग्लिश यांनी त्याला बाहेर ठेवले. दोन दिवसांनी चेल्सीविरुद्ध तो खेळला आणि संघाचे दोन्ही गोल त्याच्या पासवर झाले. जानेवारीत लीग कपच्या उपांत्य फेरीतला निर्णायक गोलही त्याचाच होता आणि संघाने तो करंडक जिंकला. व्यवस्थापकाने आपल्या खेळाडूला माणूस म्हणून नीट ओळखले होते, हे त्या एका सामन्याच्या विश्रांतीत दिसते.

प्रशिक्षकाशी बिनसून गेलेल्या बोनुच्चीची परती प्रश्न ७ मध्ये आली आहे, आणि आद्रियानोच्या परतीची दोन टोके प्रश्न ११ आणि १६ मध्ये.

६. आणि सपशेल फसलेली?

पोग्बा आणि लुकाकू यांच्याबद्दल वर लिहिले आहे. निकोला आनेल्काला पॅरिसच्या क्लबने १९९७ मध्ये ५ लाख पौंडांना आर्सेनलला जाऊ दिले आणि २००० मध्ये रेआल माद्रिदकडून सुमारे २ कोटी २० लाख पौंडांना परत घेतले. मधल्या काळात माद्रिदने त्याला सराव नाकारल्याबद्दल ४५ दिवसांसाठी निलंबित केले होते, आणि तरीही त्याच हंगामाच्या अखेरीस चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत दोन्ही सामन्यांत त्याने गोल केले होते. पॅरिसने ते गोल पाहिले, ते ४५ दिवस मात्र नीट वाचले नाहीत. प्रशिक्षक लुई फर्नांडेझ यांच्याशी त्याचे पटले नाही आणि डिसेंबर २००१ मध्ये तो लिव्हरपूलला लोनवर गेला.

मारिओ बालोटेली २०१४ मध्ये मिलान सोडून लिव्हरपूलला गेला, तेथे लीगमध्ये त्याला एकच गोल करता आला, आणि २०१५ मध्ये तो मिलानला लोनवर परतला. त्या हंगामातही इटालियन लीगमध्ये त्याच्या नावावर एकच गोल लागला, आणि मध्ये शस्त्रक्रियेमुळे काही महिने गेले. मात्र तो लोन होता, त्यामुळे हंगामाअखेर क्लबला त्यातून सरळ बाहेर पडता आले.

७. खेळाडू प्रशिक्षकाशी भांडून गेला होता. आता तो प्रशिक्षकच नाही. मग अडचण काय?

प्रशिक्षक बदलला म्हणजे कारण संपले, हे अर्धेच खरे असते. त्याचे त्याच एका प्रशिक्षकाशी बिनसले होते की प्रत्येक प्रशिक्षकाशी बिनसते, हे आधी पाहावे. तीन क्लबांत तीन प्रशिक्षकांशी तेच घडले असेल, तर चौथा वेगळा निघेल या आशेवर करार करू नये.

उलट प्रशिक्षक तोच असूनही परती जमते, हे युव्हेंटसच्या लिओनार्दो बोनुच्चीने दाखवले. फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रशिक्षक मासिमिलियानो अलेग्री यांच्याशी त्याची मैदानावर बाचाबाची झाली. पोर्तोविरुद्धच्या सामन्यातून त्याला वगळण्यात आले आणि प्रेक्षागृहातल्या एका साध्या स्टुलावर बसून सामना पाहणारा बोनुच्ची साऱ्या जगाने पाहिला. त्या उन्हाळ्यात तो मिलानला गेला आणि वर्षभरात युव्हेंटसला परतला, तेव्हा प्रशिक्षक अलेग्रीच होते. भांडण दोन प्रौढ माणसांचे होते, एका रात्रीचे होते, आणि त्याच्या मुळाशी आळस किंवा बेपर्वाई नव्हती. चाहत्यांच्या शिट्ट्या त्याला सोसाव्या लागल्या, पण पुढच्या दोन हंगामांची दोन्ही जेतेपदे त्याने त्याच संघात मिळवली.

विकण्याचीही नेहमी गरज नसते. सप्टेंबर २०११ मध्ये म्युनिकमधील सामन्यात कार्लोस तेवेझने मैदानात उतरण्यास नकार दिला, असे मँचेस्टर सिटीचे व्यवस्थापक रोबेर्तो मान्चिनी यांनी जाहीरपणे सांगितले. तो कित्येक महिने अर्जेंटिनात जाऊन राहिला. मार्चमध्ये त्याला पुन्हा संघात घेतले गेले, एप्रिलमध्ये नॉर्विचविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिक केली आणि मे महिन्यात सिटीने लीग जिंकली.

८. अंतिम निर्णय कोणी घ्यावा: प्रशिक्षकाने, क्रीडा संचालकाने की मालकाने?

तिघांनी मिळून घ्यावा, आणि तिघांपैकी एकाचाही ठाम नकार असेल तर विषय सोडून द्यावा. प्रशिक्षक रोज त्याच्याशी वागणार असतो, पण प्रशिक्षकाची कारकीर्द बहुधा खेळाडूच्या करारापेक्षा आधी संपते. पोग्बा परतला तो जोसे मोरिन्यो यांच्या पहिल्या उन्हाळ्यात. सप्टेंबर २०१८ मध्ये मोरिन्यो यांनी त्याचे उपकर्णधारपद काढून घेतले, डिसेंबरात मोरिन्यो यांनाच काढले गेले, आणि पोग्बा २०२२ पर्यंत राहिला. एकट्या प्रशिक्षकाच्या हट्टापायी झालेला करार पुढच्या प्रशिक्षकाच्या गळ्यात पडतो.

९. सध्याच्या संघातील खेळाडूंना विचारावे का?

मतदान घेऊ नये, पण कर्णधाराला आणि ज्याच्या जागेवर तो खेळणार आहे त्याला बातमी वर्तमानपत्रातून कळता कामा नये. ड्रेसिंग रूममध्ये नियम दोन प्रकारचे झाले, की संघ आतून फाटतो. रोनाल्डो २०२१ मध्ये मँचेस्टर युनायटेडला परतला तेव्हा त्याच्यावर अडचणीचा असा शिक्का नव्हता. पहिल्या हंगामात त्याने लीगमध्ये १८ गोल केले. पण संघातले स्थान डळमळल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरण्यास नकार देऊन तो सामना संपण्यापूर्वीच निघून गेला. नव्या व्यवस्थापकाने त्याला पुढच्या सामन्यातून बाहेर ठेवले, आणि जाहीर मुलाखतीनंतर नोव्हेंबरात करार संपला. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही नियम तोच लावला, म्हणून बाकीचा संघ सावरला असे मला वाटते.

१०. करारात वर्तणुकीच्या अटी घातल्या की क्लब सुरक्षित होतो ना? आणि रक्कम, मुदत किती ठेवावी?

अटी घालाव्यात, पण त्यांच्या भरवशावर करार करू नये. बालोटेलीच्या २०१५ च्या लोनच्या वेळी वर्तनाविषयीच्या कडक अटींची बरीच चर्चा झाली होती. अटींमुळे तो कदाचित वेळेवर आला असेल, गोल मात्र आले नाहीत. अट मोजता येण्याजोगी असावी: सरावाची हजेरी, वजन, उपचाराच्या ठरलेल्या भेटी. “क्लबच्या प्रतिमेस साजेसे वर्तन” असे वाक्य वाद झाल्यावर दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या परीने वाचतात.

अट मोडली म्हणून काढणे सोपे असते आणि नुकसान भरून मिळवणे अवघड. आद्रियान मुतू कोकेनच्या चाचणीत दोषी ठरल्यावर चेल्सीने त्याला २००४ मध्ये काढून टाकले. फिफाने त्याला सुमारे १ कोटी ७१ लाख युरो भरपाई देण्याचा आदेश दिला तो २००८ मध्ये आणि क्रीडा लवादाने तो २००९ मध्ये कायम केला. इतकी वर्षे वकिलांच्या दारात घालवण्याची ताकद लहान क्लबांकडे नसते.

वैद्यकीय तपासणीबाबत एक नियम पुष्कळांना ठाऊक नसतो. फिफाच्या नियमानुसार कराराची वैधता तपासणीच्या निकालावर अवलंबून ठेवता येत नाही. जे काही तपासायचे ते सही करण्यापूर्वी तपासावे.

मुदतीबाबत माझे मत स्पष्ट आहे: आधी लोन किंवा एका हंगामाचा करार, आणि पुढच्या वर्षाचा पर्याय क्लबकडे. बदलीची रक्कम हिशेबात कराराच्या वर्षांवर विभागली जाते. ८ कोटी ९० लाख पौंडांची रक्कम ५ वर्षांवर विभागली, तर दर वर्षाच्या खात्यात १ कोटी ७८ लाख पौंड पडतात. लांब करारामुळे ओझे हलके दिसते, पण तिसऱ्या वर्षी खेळाडू नकोसा झाला तर उरलेली सगळी रक्कम क्लबच्या खात्यात खर्ची टाकायची तशीच बाकी असते. मूळ पगार कमी आणि खेळलेल्या सामन्यांगणिक जास्त मोबदला, ही रचना अशा खेळाडूसाठी रास्त आहे, आणि ज्याला स्वतःवर विश्वास आहे तो ती नाकारत नाही.

११. खेळाडूला व्यसन किंवा मानसिक आजार असेल तर?

या प्रश्नाला मी सर्वांत जपून उत्तर देतो, कारण येथे “परत घ्यावा का?” याआधी “परत येणे त्याच्या भल्याचे आहे का?” हे विचारावे लागते.

आद्रियानो ब्राझीलच्या फ्लामेंगो क्लबात वाढलेला खेळाडू. तो २००१ मध्ये इंटरला गेला आणि तेथे त्याला सम्राट म्हणू लागले. २००४ मध्ये त्याचे वडील वारले आणि त्यानंतर दारू आणि नैराश्य यांनी त्याला घेरल्याचे त्याने पुढे स्वतःच सांगितले. एप्रिल २००९ मध्ये त्याने इंटर सोडले आणि मे महिन्यात तो फ्लामेंगोला परतला. त्या हंगामात लीगमध्ये १९ गोल करून तो सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने पहिला राहिला आणि फ्लामेंगोने १९९२ नंतर प्रथमच ब्राझीलचे विजेतेपद मिळवले. ही परती निव्वळ यशाची वाटते. पण २०१० मध्ये तो रोमच्या क्लबकडे गेला आणि एकही गोल न करता, करार संपण्याआधीच मार्च २०११ मध्ये बाहेर पडला. घरच्या मातीने त्याला एक उत्तम हंगाम दिला. तिने त्याचा आजार बरा केला नव्हता, आणि गोल होत असताना ते विचारण्याची कोणाला गरज भासली नाही.

म्हणून अशा खेळाडूच्या बाबतीत उपचार कोण करणार, तो डॉक्टर क्लबचा नोकर असेल की स्वतंत्र, आणि पुन्हा तोल गेला तर पहिल्या दिवशी काय करायचे हे सहीपूर्वी लिहून ठरवावे. स्वतंत्र डॉक्टर बरा, कारण खेळाडूला त्याच्यापुढे खरे बोलता येते. खेळाडूची वैद्यकीय माहिती त्याची असते. त्याच्या संमतीवाचून ती प्रशिक्षकाच्या टेबलावर येऊ नये.

आळस म्हणून जे दिसते तो कधी कधी आजार निघतो, हेही विसरू नये. मारिओ ग्योट्झ २०१६ मध्ये बायर्नहून डॉर्टमुंडला परतला तेव्हा त्याच्या वजनाबद्दल आणि मंदावलेल्या खेळाबद्दल पुष्कळ टीका झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये क्लबने जाहीर केले, की त्याला चयापचयाचा विकार आहे. तो महिनोन्‌महिने ज्या थकव्याशी झुंजत होता त्याला लोक बेफिकिरी म्हणत होते.

१२. उत्तेजकांमुळे किंवा सट्ट्यामुळे बंदी भोगलेल्या खेळाडूला घेताना काय पाहावे?

तारखा पाहाव्यात. उत्तेजकविरोधी संहितेनुसार बंदीच्या काळात खेळाडूला संघासोबत सरावही करता येत नाही. शेवटचे दोन महिने किंवा बंदीचा शेवटचा चतुर्थांश काळ, यांपैकी जो कमी असेल तेवढाच त्याला सरावासाठी मिळतो. पोग्बाची ४ वर्षांची बंदी लवादाने ऑक्टोबर २०२४ मध्ये १८ महिन्यांवर आणली. अशा बंदीचा चतुर्थांश साडेचार महिने होतो, म्हणजे सराव दोनच महिने. बंदी संपली त्या दिवशी खेळाडू तयार असेल असे धरून चालणारा क्लब स्वतःला फसवतो. युव्हेंटसने वाट पाहिली नाही, दोघांच्या संमतीने करार संपवला.

सट्ट्याच्या प्रकरणात सरावाची मुभा आदेशानुसार वेगळी असते. आयव्हन टोनीला मे २०२३ मध्ये ८ महिन्यांची बंदी झाली, पण सप्टेंबरपासून सरावाची परवानगी मिळाली. ब्रेंटफर्डने त्याला सोडले नाही, आणि जानेवारी २०२४ मध्ये परतीच्या पहिल्याच सामन्यात त्याने फ्री किकवर गोल केला. ते चार महिने मैदानावर मिळाले नसते तर तो गोल झाला असता का, याची मला शंका आहे.

१३. खेळाडूवर गंभीर गुन्ह्याचा आरोप किंवा शिक्षा असेल तर?

येथे प्रश्न २ मधील कसोटी अपुरी पडते, कारण येथे तिसरी व्यक्ती आहे, जिचे नुकसान झाले आहे किंवा झाल्याचा आरोप आहे. क्लबचा निर्णय तिच्याही कानांवर पडणार असतो.

ब्राझीलच्या सांतोस क्लबने ऑक्टोबर २०२० मध्ये रोबिन्योला परत घेतल्याचे जाहीर केले. यापूर्वी तो दोनदा लोनवर परतला होता आणि करंडक जिंकून गेला होता. पण या वेळी, २०१७ मध्येच, एका तरुणीवरील सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात इटलीतील न्यायालयाने त्याला ९ वर्षांची शिक्षा सुनावलेली होती आणि अपील चालू होते. प्रायोजक आणि चाहते उठले आणि आठवडाभरात क्लबला करार स्थगित करावा लागला. २०२२ मध्ये शिक्षा अंतिम झाली आणि २०२४ मध्ये तो ब्राझीलमध्ये तुरुंगात गेला. कागदपत्रे २०१७ पासून उपलब्ध होती. प्रायोजकांनी हात काढल्यावर जाग येणे, हे त्या पीडितेच्या दृष्टीने आणखी एक अपमान होते.

चेड इव्हान्सचे प्रकरण वेगळ्या वाटेने गेले आणि म्हणूनच ते पूर्ण वाचावे. बलात्काराच्या गुन्ह्यात २०१२ मध्ये दोषी ठरलेला इव्हान्स २०१४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर शेफील्ड युनायटेडने त्याला सरावाची मुभा दिली. मैदानातल्या एका प्रेक्षागृहाला जिचे नाव होते त्या ऑलिंपिक विजेत्या जेसिका एनिस-हिलने करार झाल्यास आपले नाव काढण्यास सांगितले, क्लबच्या काही सन्माननीय पाठीराख्यांनी पदे सोडली आणि मुभा मागे घेतली गेली. २०१६ मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली, फेरखटल्यात तो निर्दोष सुटला, आणि २०१७ मध्ये त्याच क्लबने त्याला परत घेतले.

माझे मत असे: खटला किंवा अपील चालू असेपर्यंत क्लबने नवा करार करू नये. निर्दोष ठरलेल्याला दार बंद ठेवू नये. शिक्षा भोगून आलेल्याला काम मिळण्याचा हक्क आहे, पण विशिष्ट क्लबच्या जर्सीतच मिळण्याचा नाही.

१४. चाहत्यांचा आग्रह किंवा विरोध किती मनावर घ्यावा?

आग्रह कमी, विरोध जास्त. आग्रह सहसा जुन्या गोलांसाठी असतो आणि तीन पराभवांत विरतो. विरोध मात्र प्रश्न १३ मधल्या प्रकारचा असेल, तर त्यामागे क्लबला न दिसलेले काहीतरी असते. क्लब बदलल्याचा राग हा वेगळा विषय आहे, आणि तो बोनुच्चीसारखा मैदानावर फेडता येतो.

१५. खेळाडूच्या बाजूने पाहिले तर परतणे शहाणपणाचे आहे का?

तो कशासाठी परततो यावर ते ठरते. थांबायला, सावरायला आणि कमी महत्त्वाच्या जागेवर काम करायला परतत असेल, तर जुनी जागा मायेची असते. आपण जेथे सोडले तेथूनच पुढे सुरुवात होईल असे वाटत असेल, तर पहिल्याच आठवड्यात त्याला कळते की लॉकर दुसऱ्याचा झाला आहे. शिवाय ज्या संगतीने पूर्वी बिघडवले ती बहुधा त्याच शहरात असते. क्लबने खेळाडूशी हे उघड बोलावे. त्याच्या एजंटाशी नव्हे, त्याच्याशी, आणि शक्य तर त्याच्या घरच्यांच्या उपस्थितीत.

१६. एकदा परत घेतला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा घ्यावा का?

फ्लामेंगोने आद्रियानोला ऑगस्ट २०१२ मध्ये पुन्हा घेतले. एकही सामना न खेळता तो नोव्हेंबरमध्ये बाहेर पडला. मधल्या वर्षांत रोम आणि कोरिंथियन्स या दोन्ही ठिकाणचे करार मोडले होते, टाचेचा स्नायुबंध फाटला होता, आणि क्लबने घेतला तो २००९ चा आद्रियानो.

दुसरीकडे तेवेझ. तो २०१५ मध्ये अर्जेंटिनातील आपल्या जुन्या क्लबला, बोका ज्युनियर्सला परतला, वर्षअखेरीस लीग आणि चषक जिंकला, २०१६ च्या शेवटी चीनला गेला आणि २०१८ च्या जानेवारीत पुन्हा आला. चीनला गेल्याचा राग अनेकांच्या मनात होता. ७ मार्च २०२० रोजी हिम्नासियाविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात त्याच्याच एकमेव गोलाने बोकाने विजेतेपद मिळवले. तेवेझ पैशासाठी गेला होता, आणि ते कारण चीनमध्येच संपले. आद्रियानोचे कारण त्याच्यासोबत विमानात बसून आले.

१७. परत आल्यावर त्याला जुनाच जर्सी क्रमांक द्यावा का?

क्रमांक मोकळा असेल तर द्यावा, नसेल तर मागून घेऊ नये. २०२१ मध्ये रोनाल्डोला ७ क्रमांक मिळाला तो एडिन्सन कावानीने तो सोडून २१ घेतला म्हणून, आणि त्यासाठी २१ क्रमांकाचा डॅनिएल जेम्स आधी लीड्सला जावा लागला. रोनाल्डोच्या बाबतीत निदान मागे सहा वर्षांचा इतिहास होता. वादानंतर परतणाऱ्या खेळाडूसाठी संघात टिकून राहिलेल्या माणसाच्या पाठीवरचा आकडा उतरवला, तर ड्रेसिंग रूममधल्या वीस-पंचवीस जणांना पहिल्याच दिवशी उत्तर मिळते, की येथे राहण्याची किंमत जास्त आहे की परत येण्याची. बेलामी पहिल्या खेपेला १७ क्रमांक घालत असे. परतला तेव्हा तो ३९ घालून खेळला.